रात्री दोन वाजता कुठल्या दवाखान्यात न्यायचं? सीमाभागातल्या गावाने स्वतःचा नकाशा कसा तयार करावा

आमच्या गल्लीतल्या एका मामांचं तोंड एका रात्री नऊच्या सुमारास जेवता जेवता वाकडं झालं आणि हातातला घास ताटात पडला. पोरांनी मोबाइल काढला, ‘जवळचं हॉस्पिटल’ असं टाकलं आणि पहिलं नाव आलं तिकडे गाडी मारली. अकरा मिनिटांत पोहोचले. तिथे सलाईन लावलं, तास गेला, मग कळलं की सीटी स्कॅन नाही. दुसऱ्या ठिकाणी मशीन होतं, पण ते चालवणारा सकाळी येणार होता. तिसऱ्या ठिकाणी सगळं होतं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “त्रास किती वाजता सुरू झाला?” भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजले होते. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मामा आज काठी घेऊन चालतात.

मोबाइल खोटं बोलला नव्हता. ‘जवळचं’ विचारलं, त्याने जवळचं दाखवलं. मेंदूचा झटका, रात्रीची वेळ, सीटी स्कॅन चालू आहे का, हे त्याला कुणी विचारलं नाही; आणि विचारलं असतं तरी त्याला ठाऊक नव्हतं. ही माहिती नकाशावर आपोआप येत नाही. ती फोन करकरून गोळा करावी लागते, आणि शांत वेळी करून ठेवावी लागते. बेळगाव सीमाभागातल्या आमच्या युवक मंडळाने ते काम केलं. चुका बऱ्याच झाल्या, तुमच्या कमी व्हाव्यात म्हणून सगळं लिहितोय. एक लॅपटॉप, दोन स्मार्टफोन, चार-पाच माणसं आणि पंधरा दिवसांच्या संध्याकाळी एवढं भांडवल पुरतं. त्यात एक जण कन्नड नीट बोलणारा हवा.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. नकाशा १०८ च्या ऐवजी नाही. माणूस आजारी पडला की पहिला फोन १०८ किंवा ११२ लाच. अँब्युलन्स आली की कुठे न्यायचं ते त्यातला प्रशिक्षित माणूस ठरवतो. आपला नकाशा उपयोगी पडतो तो अँब्युलन्स लांब असेल आणि घरच्या गाडीने निघावं लागलं तर, किंवा अँब्युलन्सवाल्याने “कुठं न्यायचं?” असं विचारलं तर. दुसरं, श्वास थांबलाय, बेशुद्ध आहे, रक्त थांबतच नाही, अशा वेळी यादी बघत बसायचं नाही. छाती दाबणं, जखम दाबून धरणं हे तिथल्या तिथे करत जो पहिला दवाखाना लागेल तो गाठायचा.

आजारांपासून सुरुवात करा, दवाखान्यांपासून नको

आम्ही आधी दवाखान्यांची यादी केली आणि फसलो. साठ-सत्तर नावं जमली, त्यात दातांचे, डोळ्यांचे, हाडवैद्यही आले. मग उलट्या बाजूने बसलो: आपल्या गावात तातडीने काय काय होतं? छातीत दुखणं, अंगावरून वारं जाणं, गाडीचा अपघात, साप चावणं, बाळंतपणात अडणं, शेतातलं औषध पोटात जाणं, भाजणं, लहान मुलाला झटके किंवा धाप. एवढ्या आठ गोष्टींत जवळजवळ सगळं आलं. प्रत्येकीला दवाखान्यात काय लागतं, हे तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसमोर बसून लिहून घ्या. आम्हाला जे समजलं ते थोडक्यात असं.

वारं गेलं, म्हणजे चेहरा एका बाजूला ओढला, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर सीटी स्कॅन रात्रीही चालू असलेला आणि ते इंजेक्शन देणारा दवाखाना हवा. सीटी नसलेल्या ठिकाणी थांबणं म्हणजे वेळ घालवणं. लक्षण किती वाजता सुरू झालं, किंवा माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला, ते हातावर पेनने लिहून ठेवा.

छातीचं गणित वेगळं आहे. तिथे पहिली गरज ईसीजीची, आणि ती तालुक्याच्या दवाखान्यातही भागते. मोठा झटका दिसला आणि अँजिओप्लास्टी होणाऱ्या ठिकाणी दोन तासांच्या आत पोहोचता येणार नसेल, तर गुठळीचं इंजेक्शन जवळच देऊन मग पुढे पाठवणं हा डॉक्टरांचा मान्य मार्ग आहे. म्हणून शहरापासून लांबच्या लोंढ्याच्या माणसासाठी उत्तर वेगळं आणि बेळगावला लागून असलेल्या हिंडलग्याच्या माणसासाठी वेगळं. आपल्या मनाने गोळ्या मात्र देऊ नका, फोनवर विचारा.

साप चावला तर बहुतेक लोक थेट बेळगावकडे सुटतात. हे बरेचदा चुकीचं ठरतं. सर्पदंशाची लस सरकारी दवाखान्यात ठेवलेली असते, आणि ती जितकी लवकर मिळेल तितकं बरं. लस मिळेल ते सर्वात जवळचं ठिकाण आधी, व्हेंटिलेटर असलेलं मोठं ठिकाण नंतर. नाग आणि मण्यार श्वास बंद पाडतात, घोणस आणि फुरसं रक्त गोठू देत नाहीत. आपली लस या चारांवर आहे. घाटातल्या चापडा जातीच्या सापांच्या विषावर ती चालत नाही, तिथे डॉक्टर लक्षणांप्रमाणे उपचार करतात. दोरी आवळून बांधायची नाही, चिरायचं नाही, साप मारून पिशवीत घालून न्यायची गरज नाही.

बाळंतपणासाठी तीन गोष्टी एकाच छपराखाली हव्यात: सिझेरियन करणारे आणि भूल देणारे डॉक्टर, रक्त, आणि नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग. भूलतज्ज्ञाबद्दल कुणी विचारत नाही, आणि रात्री नेमके तेच नसतात. अपघातात डोक्याला मार असेल तर सीटी आणि मेंदूचे सर्जन. औषध पोटात गेलं असेल तर व्हेंटिलेटर, आणि बाटली किंवा पाकीट सोबत न्यायचं. भाजण्यासाठी वेगळा वॉर्ड असलेली ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतील.

राज्याची रेघ पुसून यादी करा

आता दवाखाने. आपल्या भागात हे काम करताना सवयीने माणूस आपल्या जिल्ह्यापुरतं बघतो. सरकारी कागदांतही तेच असतं: कर्नाटकाच्या यादीत कर्नाटकातले, महाराष्ट्राच्या यादीत महाराष्ट्रातले. रस्ता मात्र ती रेघ मानत नाही. निपाणीहून कोल्हापूर साधारण चाळीस किलोमीटर आणि बेळगाव पंचाहत्तरच्या आसपास. कागवाडहून मिरज पंधराएक किलोमीटर, बेळगाव शंभरच्या वर. अथणीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिरजेलाच जातात. उलट बाजूने चंदगड तालुक्यातले लोक शिनोळी-बाची ओलांडून बेळगावात येतात, कारण त्यांना कोल्हापूर फार लांब. कणकुंबीसारख्या गावाला एका अंगाला जांबोटीमार्गे बेळगाव, तर दुसऱ्या अंगाला चोर्ला घाट उतरून गोव्यातलं बांबोळी.

म्हणून गावापासून सगळ्या दिशांनी बघा. आमच्या यादीत सर्वात वर मोठी ठिकाणं आली: बेळगावचं सिव्हिल म्हणजे बिम्स, नेहरूनगरातलं केएलईचं प्रभाकर कोरे इस्पितळ, कोल्हापूरचं सीपीआर, मिरजेचं सरकारी इस्पितळ, हुबळीचं किम्स, बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. त्याखाली तालुक्याची सरकारी इस्पितळं आणि खासगी नर्सिंग होम. त्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्रं. साठांतून छाटून बावीस राहिली. एका गावाला तेवढी भरपूर झाली.

मधेच सांगतो, नावांचा घोळ आधीच निस्तरा. नकाशात ‘खानापूर’ टाकलं तर सांगली जिल्ह्यातलं खानापूरही येतं. सुळगा दोन आहेत, एक हिंडलग्याकडचं आणि एक येळ्ळूरकडचं. हलगा बेळगावजवळ आहे आणि खानापूर तालुक्यातही. शिवाय मराठी, कन्नड आणि इंग्रजी स्पेलिंग तिन्ही वेगळी. म्हणून आमच्या तक्त्यात प्रत्येक ठिकाणापुढे नावाच्या जोडीला अक्षांश-रेखांश आहेत. गुगल मॅप्समध्ये जागेवर बोट दाबून धरलं की ते आकडे मिळतात. आपल्या जिल्ह्यात पहिला आकडा १५ किंवा १६ ने सुरू होतो आणि दुसरा ७४ किंवा ७५ ने. एकदा आमच्या एका पोराने ते उलटे भरले, तर सिव्हिल हॉस्पिटल नॉर्वेच्या वर बर्फाळ समुद्रात जाऊन पडलं.

फोन: खरं काम इथेच आहे

नकाशा काढणं एका रविवारी होतं. फोन करायला आम्हाला नऊ दिवस लागले.

दवाखान्याच्या पाटीवर ‘२४ तास सेवा’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ दार उघडं असतं, एवढाच धरा. पाटीवर ‘सीटी स्कॅन, आयसीयू, ट्रॉमा’ असलं तरी रात्री त्यातलं काय चालतं, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आम्ही प्रत्येक ठिकाणी दोनदा फोन केला, एकदा दुपारी आणि एकदा रात्री साडेनऊनंतर. दोन्ही वेळची उत्तरं जुळली नाहीत, तर रात्रीचं खरं धरलं. चौकशीसाठी १०८ ला फोन करायचा नाही आणि कॅज्युअल्टीची लाइन अडवून ठेवायची नाही. रिसेप्शनचा नंबर लावायचा आणि पहिल्याच वाक्यात सांगायचं की पेशंट नाही, माहिती हवी आहे, गडबडीत असाल तर उद्या लावतो.

आमचं बोलणं साधारण असं असायचं:

“नमस्कार मॅडम, मी अमुक गावच्या युवक मंडळातून बोलतोय. पेशंट नाही आत्ता. गावासाठी माहिती लिहून ठेवतोय, दोन मिनिटं आहेत काय?”

“बोला की.”

“रात्री बारानंतर सीटी स्कॅन होतं काय?”

“होतं की.”

“मशीन चालवणारे तिथेच असतात, की बोलवून घ्यावं लागतं?”

इथे बहुतेक वेळा एक क्षण शांतता पसरते, आणि मग खरं उत्तर येतं. ‘बोलवून घेतो’ म्हणजे पाऊण तास धरा. पलीकडून कन्नड आलं तर आमचा एक जण “रात्री सीटी स्कॅन इरतैतेन्री?” असं सुरू करायचा आणि काम दुप्पट वेगाने व्हायचं. सीमाभागात भाषेचा अभिमान सगळ्यांनाच आहे, पण हा फोन त्यासाठी नाही.

विचारायच्या गोष्टी आम्ही एका कागदावर छापून घेतल्या:

- रात्री ड्युटीवर कोण डॉक्टर असतात, तज्ज्ञ किती वेळात येतात?
- सीटी स्कॅन, ईसीजी, रात्रीची लॅब चालू असते काय?
- व्हेंटिलेटर आहे काय, आणि आयसीयूत जागा नसेल तर कुठे पाठवता?
- सर्पदंशाची लस आत्ता साठ्यात आहे काय?
- सिझेरियन रात्री होतं काय, भूलतज्ज्ञ कुठून येतात, रक्त कुठून आणावं लागतं?
- निघण्याआधी कुठल्या नंबरला कळवायचं?
- कुठली सरकारी योजना चालते?

तिसऱ्या प्रश्नाचा दुसरा भाग फार मोलाचा. पाच दवाखाने ‘मग आम्ही तिकडेच पाठवतो’ म्हणून एकाच ठिकाणाचं नाव घेतात, तेव्हा तुम्हाला थेट तिकडे जायचं की नाही ते कळतं.

उत्तर लिहिताना ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्यावर भागवू नका. आम्ही चार शब्द ठरवले: रात्रीही, फक्त दिवसा, बोलवून, नाही. ज्या गोष्टीचं पक्कं उत्तर मिळालं नाही तिथे रकाना कोरा. पुढे बोलणाऱ्याचं पद, तारीख, वेळ. “असतंय बहुतेक” हे उत्तर नव्हे, तोही रकाना कोराच.

जमलं तर प्रत्यक्ष जाऊन या. दवाखान्याच्या दारातल्या चहाच्या गाड्यावर अँब्युलन्सचे ड्रायव्हर उभे असतात. रात्री कुठल्या दारातून आत घेतात, लिफ्ट चालते काय, कुठल्या दवाखान्यातून पेशंट पुढे पाठवला जातो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. आमच्या तक्त्यातल्या दोन चुका एका ड्रायव्हर अण्णांनी चहा संपायच्या आत दाखवल्या.

डॉक्टरांचे खासगी मोबाइल नंबर कुणी प्रेमाने दिले तरी नकाशावर टाकू नका. आणि कुठलाही दवाखाना ‘चांगला’, ‘वाईट’, ‘लुटारू’ असं लिहायचा मोह आवरा. काय आहे आणि कधी आहे, एवढंच लिहा.

तक्ता नकाशावर चढवणे

गुगल शीटमध्ये एक ओळ एक दवाखाना. रकाने: नाव, अक्षांश, रेखांश, फोन, आठ आजारांचे आठ रकाने, योजना, शेवटचा फोन कधी. मग लॅपटॉपवर गुगल माय मॅप्स उघडा, नवा नकाशा, ‘इम्पोर्ट’ करून ती शीट निवडा, अक्षांश-रेखांशाचे रकाने दाखवा, नावाचा रकाना शीर्षक म्हणून द्या. सगळ्या पिना एकदम पडतात. एका नकाशात दहा थर करता येतात. आम्ही प्रत्येक आजाराला एक थर केला. नववा थर पाण्याखाली जाणारे पूल आणि दहावा गावातल्या जागा. आजार निवडला की तेवढ्याच पिना दिसतात, बाकीच्या झाकता येतात. घाबरलेल्या माणसासमोर बावीस पिना ठेवल्या तर तो पुन्हा जवळचीच निवडेल.

रंग दोनच ठेवा: ‘रात्रीही’ असेल तर हिरवा, ‘बोलवून’ किंवा ‘फक्त दिवसा’ असेल तर केशरी. ‘नाही’ असेल त्या दवाखान्याची पीन त्या थरात टाकूच नका. बदल करायचा अधिकार तिघांनाच द्या. गावाला फक्त बघायची लिंक.

आता नेटवर्क. हेमाडगा, आमगाव, कणकुंबीच्या पट्ट्यात जंगलात शिरलं की फोनच्या काड्या जातात. माय मॅप्स नेटशिवाय उघडत नाही. म्हणून त्याच नकाशाच्या मेनूतून केएमएल फाइल (सगळ्या पिना साठवलेली फाइल) उतरवून घ्या आणि ‘ऑरगॅनिक मॅप्स’ या मोफत ॲपमध्ये उघडा. हे ॲप ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशावर चालतं आणि नेट नसताना रस्ता दाखवतं. जीपीएसला नेट लागत नाही, हे आपल्याकडे अजून बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. कर्नाटकासोबत महाराष्ट्र आणि गोव्याचा नकाशाही आधी उतरवून ठेवा, नाहीतर शिनोळीच्या पुढे रस्ता गायब.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये तुमच्या वाडीचा रस्ता नसेल तर तो तुम्हीच काढू शकता, खातं मोफत उघडतं. मराठी आणि कन्नड नावांसाठी वेगळे रकाने आहेत, दोन्ही भरा. पण गुगलच्या नकाशावरून बघून तिथे उतरवायचं नाही, परवान्यात बसत नाही. स्वतः चालून, गाडी चालवून जे माहीत आहे तेवढंच घालायचं.

किलोमीटर विसरा, मिनिटं मोजा

ओपनरूटसर्व्हिस नावाची मोफत साइट आहे, जर्मनीतल्या हायडेलबर्गची मंडळी चालवतात. तिथे गावावर पीन ठेवून ‘३० मिनिटं’, ‘६० मिनिटं’ असं सांगितलं की तेवढ्या वेळात गाडी कुठवर जाते त्याचा पट्टा रंगून येतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो. राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या कडेने पट्टा लांबच्या लांब पळतो, आणि खानापूरच्या पश्चिमेला तो मुठीएवढा होतो.

पण या साइटला खड्डे दिसत नाहीत आणि गर्दी कळत नाही. म्हणून एकदा खऱ्या गाडीने जाऊन बघा, शक्यतो रात्री. समजा साइटने ४० मिनिटं सांगितली आणि जीपला ६० लागली, तर तुमच्या रस्त्याचा आकडा दीड. त्या दिशेच्या सगळ्या वेळांना दीडने गुणा. घाटाला वेगळा आकडा, महामार्गाला वेगळा. ऑक्टोबरनंतर कारखाने सुरू झाले की निपाणी, चिकोडी, अथणी पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ता अडवतात. तेव्हाचा आकडा पुन्हा वेगळा काढा.

शहरात शिरल्यावरची मिनिटं लोक धरतच नाहीत. टिळकवाडीतलं पहिलं किंवा दुसरं रेल्वे गेट पडलेलं असलं तर गाडी जागच्या जागी उभी. नकाशा तुम्हाला बिनधास्त गेटवरून नेतो. आमच्या नकाशात दोन्ही गेटांवर लाल पीन आहे आणि पुलावरून जाणारा रस्ता आखून ठेवलाय. दोन मिनिटं जास्त, पण खात्रीची. गणपती विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, शिवजयंतीच्या चित्ररथांना अख्खं शहर रस्त्यावर येतं, आणि डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की हलग्याजवळ बंदोबस्त. या तीन वेळांसाठी पर्यायी दवाखाना आणि पर्यायी रस्ता दोन्ही आधी ठरवा.

पाणी आल्यावरचा नकाशा वेगळा

हा थर नसेल तर आपल्या भागात बाकी सगळं फुकट. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा फुगल्या की कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, मलिकवाड-दत्तवाड हे बंधारेवजा पूल पाण्याखाली जातात. खानापूर-हेमाडगा रस्त्यावर हलात्रीच्या पुलावरून पाणी वाहतं. गुगलला हे उशिरा कळतं, किंवा कळतच नाही.

प्रत्येक अशा पुलावर पीन टाका आणि त्यात तीन गोष्टी लिहा: कुठल्या खुणेपर्यंत पाणी आलं की पूल बंद धरायचा, पुलाजवळ राहणाऱ्या आणि फोन उचलणाऱ्या माणसाची दुकान किंवा घराची खूण, आणि वळसा घालून किती मिनिटं जास्त. त्याचा नंबर त्याला विचारूनच, आणि तोही फक्त तिघांच्या वहीत ठेवा. वळशाने तास वाढत असेल तर त्या महिन्यांपुरता दवाखानाच बदलतो. एरवी निपाणीला जाणाऱ्या गावाने पावसाळ्यात चिकोडी धरावी असं होऊ शकतं. म्हणून आम्ही दोन नकाशे ठेवतो, कोरड्या दिवसांचा आणि पावसाळ्याचा.

भीमगडच्या जंगलातल्या गावांचं दुखणं याहून मोठं. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी स्ट्रेचरवर घेऊन जंगलातून चालत आणल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. अशा गावाच्या नकाशात सर्वात महत्त्वाची पीन दवाखान्याची नसते. अँब्युलन्स नक्की कुठवर येऊ शकते, ती जागा महत्त्वाची. तिथवर चालत किती वेळ, वाटेत किती नाले, स्ट्रेचर कुणाच्या पडवीत ठेवलंय, फोनला रेंज कुठल्या टेकडीवर येते, हे सगळं त्या पिनेत लिहा. आणि माणूस निघाल्यावर फोन करू नका. आधी फोन करून अँब्युलन्स त्या जागेकडे निघू द्या, मग उचला. दोन्ही वेळा एकाच वेळी चालल्या पाहिजेत.

आपली जागा सांगता येणे

१०८ बाबत आपल्याकडे एक गंमत आहे, स्वतःवर वेळ येईपर्यंत तरी गंमत. सीमेवरच्या गावात मोबाइल कधी महाराष्ट्रातल्या टॉवरला चिकटतो आणि फोन तिकडच्या कक्षात जातो. पहिलंच वाक्य “बेळगाव जिल्हा, कर्नाटक” असं म्हणायचं, मग तालुका, मग गाव. फोन चुकीच्या राज्यात लागला तर त्यांनाच जोडून द्यायला सांगा; जमलं नाही तर दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून लावा. कन्नड येत नसेल तर हिंदी बोला.

घराचा पत्ता सांगताना “मारुतीच्या देवळाकडून आत” हे परगावच्या ड्रायव्हरला कळत नाही. देऊळ, शाळा, दूध डेअरी, पाण्याची टाकी, वाडीची कमान अशा आठ-दहा जागांवर पिना टाका आणि त्यांना १, २, ३ असे नंबर द्या. तेच नंबर तिथे भिंतीवर रंगवा. ड्रायव्हरला त्या नंबरची लिंक व्हॉट्सॲपवर जाते, आणि एक पोरगा टॉर्च घेऊन तिथे उभा राहतो.

कागदपत्रं आणि पैसा

याबद्दल थोडक्यात, कारण नियम बदलत राहतात. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, महाराष्ट्राची महात्मा फुले योजना, दोन्हींच्या याद्यांत कुठला दवाखाना कशासाठी आहे ते फोनवर विचारून रकान्यात लिहा. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राने आपली योजना लागू केल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. तुमचं गाव त्यात असेल तर कुठले कागद लागतात ते आधीच जमवून ठेवा. कर्नाटकाच्या योजनेत खासगी इस्पितळासाठी एरवी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, तातडीच्या रुग्णाला ती अट नाही. रस्ता अपघातासाठी २०२५ पासून केंद्राची योजना आहे, सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता. आणि तातडीच्या रुग्णाला पोलिसांच्या कारणाने परत पाठवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय. जखमीला नेणाऱ्याने स्वतःचं नाव सांगायची सक्तीही नाही, मोटार वाहन कायद्यातलं कलम १३४ अ त्यासाठीच आहे. आमच्याकडे अजून लोक पोलिसांच्या भीतीने अपघात बघून गाडी पुढे काढतात, म्हणून हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापा.

शेवटी कागद

मोबाइलची बॅटरी संपते, आजीला ॲप उघडता येत नाही. म्हणून नकाशाचा एक मोठा कागद काढा. वर १०८. खाली आठ आजारांच्या आठ ओळी, प्रत्येक ओळीत पहिला दवाखाना, दुसरा दवाखाना, फोन नंबर, मिनिटं. बास. दूध डेअरी, मेडिकल दुकान, पंचायत, रेशन दुकान आणि आशाताईंच्या घरी लावा. डेअरीतला सर्वात उपयोगी, कारण तिथे रोज दोन वेळा अख्खं गाव येतं.

मग एकदा खोटाखोटा सराव करा. आम्ही रविवारी रात्री दहाला एका काकांना झोपवलं, “वारं गेलंय” असं सांगितलं आणि घड्याळ लावलं. १०८ ला फोन लावल्याचं फक्त नाटक. गाडी गावाबाहेर पडायलाच एकवीस मिनिटं लागली: नऊ मिनिटं गाडीची किल्ली शोधण्यात, सहा मिनिटं कुणी कुणी जायचं यावर. आता गावातल्या तीन गाड्यांच्या मालकांची नावं, त्यांना विचारून, कागदावर आहेत आणि किल्ल्या ठरलेल्या खिळ्याला असतात.

तक्त्यातला कुठलाही फोन तीन महिन्यांहून जुना झाला की त्या ओळीची पीन आम्ही करडी करतो. मे अखेर, गणपती झाल्यावर आणि डिसेंबरच्या आधी असा वर्षातून तीनदा पुन्हा फोनचा फेरा होतो, आणि मधल्या काळात करडी झालेली ओळ ज्याला दिसेल त्याने तेवढा एक फोन करायचा. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात चार बोटं कोरी जागा सोडा आणि दोऱ्याने पेन बांधा. डेअरीतल्या कागदावर दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहून गेलं होतं: ‘तिसऱ्या ओळीतला फोन लागत नाही, मी लावून बघितला. नवा नंबर खाली.’ आम्ही लावून बघितला. लागला.